खुर्ची दिली, काम करण्याचे साधन कोण देणार?

३ डिसेंबर आला की जिल्ह्याजिल्ह्यात मंडप उभे राहतात. मंत्री येतात, अधिकारी येतात, तीनचाकी सायकली आणि कुबड्यांचे वाटप होते, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि सायकल घेऊन घरी गेलेला माणूस पुन्हा दारात बसतो. त्याला सायकल मिळाली, पण त्या सायकलवरून जायचे कुठे? कारखान्यात त्याला घेत नाहीत, कार्यालयात पायऱ्या आहेत, आणि ज्याला नशिबाने नोकरी मिळाली त्याच्या टेबलावर काम करण्याचे साधन नाही. दिव्यांगांच्या नावाने एवढे कार्यक्रम होतात, पण दिव्यांग माणसाने नोकरी शोधावी, ती मिळवावी आणि निवृत्तीपर्यंत सन्मानाने टिकवावी यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांसमोर ठेवत आहोत.

आधी नावाबद्दल दोन शब्द. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पाहता पाहता तो सरकारी कागदावर रुजला. आज कायद्याच्या मराठी नावातही तो आहे, म्हणून आम्हीही तो वापरतो. परंतु गोड नाव देऊन हक्काचा प्रश्न मिटवण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्याला 'हरिजन' म्हटले गेले तेव्हा बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्या शब्दाला कडाडून विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. देवाशी नाते जोडून पोट भरत नाही, हा धडा आपण तेव्हाच घेतला आहे. माणसाच्या अंगात दिव्यत्व आहे की नाही याची चर्चा करणाऱ्यांनी त्याच्या हाताला काम आहे की नाही हे आधी सांगावे.

आता वस्तुस्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजार. त्याच जनगणनेनुसार देशातील दिव्यांगांपैकी कामकरी म्हणून नोंद झालेले सुमारे ३६ टक्के. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के, तर स्त्रियांत जेमतेम २३ टक्के. यातही वर्षातले काही महिनेच काम मिळणारे धरले आहेत. म्हणजे चारपैकी तीन दिव्यांग स्त्रियांना कामच नाही. चळवळीच्या वाचकांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. अनुसूचित जातींमध्ये दिव्यांगांचे प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ नव्हे. कुपोषण, वेळेवर न मिळणारा दवाखाना, बाळंतपणातली हेळसांड, आणि गटार, खाण, वीटभट्टी, बांधकाम अशी जिवावरची कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्याच घरात डोळे आणि हातपाय जास्त गेले. तेव्हा दिव्यांगांचा प्रश्न हा 'त्यांचा' प्रश्न आहे असे समजून पान उलटणाऱ्या बांधवांनी आपल्याच वस्तीत एकदा फेरी मारावी.

कायदा काय म्हणतो? बाबासाहेबांनी ज्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्या समितीने घडवलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क, यांसाठी राज्याने परिणामकारक तरतूद करावी असे सांगितले आहे. काम आणि साहाय्य या दोन्ही गोष्टी एकाच अनुच्छेदात शेजारी बसवल्या आहेत, हे विशेष. तरी प्रत्यक्ष कायदा व्हायला १९९५ साल उजाडले. त्या कायद्याने सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण दिले. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आरक्षण ४ टक्के झाले.

ही ४ टक्केही सहज मिळाली असे कुणी समजू नये. १९९५ च्या कायद्यातील ३ टक्के कशाच्या मोजायचे, यावरच सरकारी खाती वर्षानुवर्षे घोळ घालत होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात निकाल दिला की हे आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजले पाहिजे, केवळ दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांवर नव्हे. कायदा झाल्यावर अठरा वर्षांनी! बिंदुनामावली आणि अनुशेष हे शब्द ज्यांच्या हाडीमासी खिळले आहेत, त्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. दिव्यांगांचे आरक्षण समांतर आहे. अनुसूचित जातीचा दिव्यांग उमेदवार निवडला गेला की तो अनुसूचित जातीच्याच कोट्यात मोजला जातो. जात आणि अपंगत्व ही दोन ओझी एकाच खांद्यावर असतात, याची कायद्याला जाणीव आहे. ती नाही ती कार्यालयांना.

पण समजा, ही सगळी शर्यत पार करून एखादा तरुण नोकरीला लागला. पुढे काय होते? वकिली करताना आम्ही जे पाहिले ते सांगतो. एक पूर्णपणे अंध तरुण एका निमसरकारी कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झाला. पदवी होती, संगणकाचे प्रमाणपत्र होते. पहिल्या दिवशी त्याला खुर्ची दिली. टेबलावरच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली नव्हती. त्याने अर्ज केला. अर्जावर शेरा आला की अशा खर्चासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. वास्तविक एनव्हीडीएसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. ती एका मित्राने बसवून दिली, तर दुसरीच अडचण. कार्यालयाची निम्मी कागदपत्रे युनिकोडमध्ये नव्हती, जुन्या फॉन्टमध्ये होती, आणि उरलेली निम्मी म्हणजे कागदाची नुसती छायाचित्रे. यंत्राला त्यातले एक अक्षर वाचता येईना. मग साहेबांनी त्याला आवक-जावक खिडकीजवळ नुसते बसवून ठेवले. वर्षअखेरीस गोपनीय अहवालात लिहिले, 'कामात प्रगती नाही.' आधी हात बांधायचे आणि मग पोहता येत नाही म्हणून शेरा मारायचा, अशी ही तऱ्हा. एकलव्याचा अंगठा मागणारी परंपरा अजून खुर्चीवर बसून आहे.

२०१६ च्या कायद्यातील कलम २० सांगते की प्रत्येक सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण दिले पाहिजे. 'वाजवी सोय' म्हणजे मेहरबानी नव्हे. अंध माणसाला वाचणारा संगणक, कर्णबधिराला बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी, चाकाच्या खुर्चीवरील माणसाला उतरण आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह, मानसिक आजारातून सावरणाऱ्याला कामाच्या वेळेत सवलत, हे सारे त्यात येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अंध व्यक्तींना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशातील नियम रद्द केला. अंध माणूस न्यायाधीश होऊ शकतो, मग लिपिकाचे काम का करू शकत नाही?

मेख कायद्याच्या व्याख्येतच आहे. वाजवी सोय द्यायची, पण ती मालकावर 'अवाजवी बोजा' टाकणारी नसावी, असे कलम २ म्हणते. बोजा अवाजवी कधी होतो? ज्याच्या खिशातून पैसा जायचा आहे त्याला पहिला रुपयाही अवाजवी वाटतो! कार्यालयप्रमुख म्हणतो तरतूद नाही, छोटा कारखानदार म्हणतो परवडत नाही, आणि दोघेही मनात ठरवतात की पुढच्या वेळी असा माणूसच घ्यायचा नाही. हक्क कायद्याने दिला, पण त्या हक्काचे बिल कोण भरणार हे ठरवले नाही. बिलाचा धनी नसलेला हक्क हा कागदावरच राहतो.

खासगी क्षेत्रात तर परिस्थिती याहून वाईट. कलम २० ची बंधने थेट सरकारी आस्थापनांवर आहेत. ४ टक्के आरक्षणही सरकारी आस्थापनांपुरते. खासगी मालकांसाठी कलम ३५ आहे. त्यांच्या मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावे, तेही सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत'. हेच शब्द अनुच्छेद ४१ मध्येही आहेत. संविधान घडले तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तिजोरी रिकामी होती, तेव्हा ती मर्यादा समजण्यासारखी होती. आज जगातील मोठ्या अर्थव्यवस्थांमध्ये आपली गणना होत असल्याचे ढोल वाजवणाऱ्यांना तीच मर्यादा दिव्यांगांच्याच बाबतीत का आठवते?

नोकरी टिकवण्याची दुसरी बाजू आणखी जिव्हारी लागणारी आहे. नोकरीत असताना जो अपंग होतो त्याचे काय? कलम २० चे चौथे पोटकलम म्हणते की सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला काढू नये, त्याचा दर्जा कमी करू नये. ते पद जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे. हे संरक्षण १९९५ च्या कायद्यातही होते. पाय गमावलेल्या एका शिपायाला सेवेतून काढले गेले, तेव्हा २००३ मध्ये कुणाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला याच तरतुदीखाली न्याय दिला. पण हे संरक्षण कायम कर्मचाऱ्याच्या पदरात पडते. आपला माणूस कुठे आहे? तो नगरपालिकेच्या कंत्राटदाराकडे झाडू मारतो, गटारात उतरतो, कचऱ्याच्या गाडीवर लोंबकळतो. त्याचा हात गेला तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करतो. फार झाले तर एकरकमी भरपाईसाठी तो वर्षानुवर्षे तारखा मोजतो. हलके काम द्या, नवे कौशल्य शिकवा, नोकरीत ठेवा, असे त्याच्या बाबतीत म्हणायला कुणी बांधील नाही. काम नगरपालिकेचे, अपंगत्व मजुराचे आणि जबाबदारी कुणाचीच नाही, हे कंत्राटी पद्धतीचे खरे रूप आहे.

सरकार काहीच खर्च करत नाही असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न पैसा कोणत्या वाटेने जातो हा आहे. १९८१ पासूनच्या केंद्रीय योजनेतून कुबड्या, सायकली, श्रवणयंत्रे मिळतात. ती उपयोगी आहेत, पण ती माणसाला दिली जातात, त्याच्या कामाला नव्हे. २००८ साली केंद्राने खासगी मालकांसाठी योजना आणली. दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत पगाराचा दिव्यांग कामगार ठेवल्यास त्याच्या भविष्य निर्वाह निधीतील आणि कामगार विम्यातील मालकाचा हिस्सा तीन वर्षे सरकार भरेल, अशी तिची मूळ रचना. यात पैसा मालकाच्या हिशेबात गेला, कामगाराच्या टेबलावर काहीच आले नाही. ज्यांच्या नावाने भविष्य निर्वाह निधीच कापला जात नाही, ते कोट्यवधी असंघटित कामगार तर या दारातूनच बाहेर. १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय वित्त महामंडळ स्वयंरोजगाराला कर्ज देते. कर्ज म्हटले की तारण आले, जामीनदार आला. महामंडळाच्या कर्जासाठी जामीनदार शोधत तालुक्याच्या चपला झिजवणे काय असते, हे आपल्या तरुणांना वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा शासनाचा नियम आहे. हा पैसा गावातच आहे! पण मार्च महिना जवळ आला की घाईघाईने वस्तूंचे वाटप होते, अथवा किरकोळ रक्कम वाटून कागद पूर्ण केला जातो. त्या ५ टक्क्यांतून गावातल्या एका तरी दिव्यांगाची नोकरी टिकली का, हे विचारणारा ग्रामसभेत कुणी नसतो. निराधार अनुदानाला तर कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. लहानशी नोकरी धरली की अनुदान जाण्याची भीती, आणि नोकरी सुटली की अनुदान पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. मग माणूस नोकरीचा धोका पत्करेल कसा?

बाहेरच्या देशांनी हा गुंता कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने १९४४ मध्ये कायदा करून वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर ३ टक्के दिव्यांग ठेवण्याचे बंधन घातले होते. पण मोडणाऱ्यांवर खटले भरलेच गेले नाहीत म्हणावे इतके थोडे भरले गेले. अखेर १९९५ च्या नव्या कायद्याने तो कोटा रद्द झाला. त्याच सुमारास, १९९४ मध्ये, तेथे 'ॲक्सेस टू वर्क' ही योजना सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे की पैसा कामगाराच्या गरजेप्रमाणे मिळतो. खास उपकरण, मदतनीस, मुलाखतीला दुभाषी, बसने जाता येत नसेल तर टॅक्सीचे भाडे, हे सारे सरकारी अनुदानातून. ते परत फेडायचे नाही. त्या योजनेतही दोष आहेत. २०११ मध्ये एका सरकारी आढाव्यानेच तिला सरकारचे सर्वात जपून ठेवलेले गुपित म्हटले, इतकी ती लोकांपर्यंत पोहोचली नव्हती, आणि अलीकडे हजारो अर्ज महिनोन्महिने पडून राहिल्याच्या तक्रारी आहेत. तरीही बिल कोण भरणार याचे उत्तर तिने दिले.

जर्मनीने कोटा सोडला नाही. वीस किंवा अधिक जागा असलेल्या प्रत्येक मालकाने, मग तो सरकारी असो वा खासगी, ५ टक्के जागा तीव्र दिव्यांगांना द्यायच्या. न दिल्यास प्रत्येक रिकाम्या जागेमागे दरमहा भरपाई-शुल्क भरायचे. जो मालक एकही दिव्यांग ठेवत नाही त्याच्यासाठी २०२४ पासून हे शुल्क सर्वात जास्त केले. आणि हा पैसा जातो कुठे? दिव्यांगांच्या नोकरीसाठी लागणारी उपकरणे, मदतनीस, कामाच्या जागेतील बदल यांवर. जो कायदा पाळत नाही त्याच्या पैशातून कायदा पाळणाऱ्याची सोय होते. ब्रिटनने कोटा सोडून निधी धरला, आपण कोटा धरला पण निधीच उभारला नाही, जर्मनीने दोन्ही हातांनी दोन्ही धरले. आपल्याला कोणता मार्ग हवा हे सांगायला नको. निधीच्या गोड बोलण्यात आरक्षण सोडायचे नाही, आणि आरक्षणाच्या समाधानात निधी विसरायचा नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, २०१६ च्या कायद्याच्या कलम ८८ मध्ये राज्य निधीची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने त्यात 'कामाच्या ठिकाणची सोय' असे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, म्हणजे कुठल्याही कार्यालयप्रमुखाला तरतूद नाही असा शेरा मारता येणार नाही. दुसरी, हा पैसा माणसाच्या नावे असावा. त्याने नोकरी बदलली तर उपकरण आणि मदतही त्याच्याबरोबर जावी. तिसरी, मुलाखतीच्या टप्प्यापासून मदत मिळावी, कारण दुभाषी नाही म्हणून मुलाखतीतच बाद झालेल्या कर्णबधिराला पुढची सोय काय कामाची? चौथी, खासगी मालकांना नुसते प्रोत्साहन पुरे झाले. ५ टक्के जागा न भरणाऱ्या मोठ्या मालकांवर शुल्क बसवावे आणि ते याच निधीत जमा व्हावे. पाचवी, सार्वजनिक संस्थेच्या कामावर अपंग झालेल्या कंत्राटी कामगाराला पर्यायी काम देण्याची जबाबदारी त्या संस्थेवर कायद्याने टाकावी. सहावी, नोकरी धरल्यावर ठराविक काळ अनुदान बंद करू नये, आणि नोकरी सुटल्यास नव्या अर्जाशिवाय ते पुन्हा सुरू करावे.

यावर गुणवत्तेचे तुणतुणे वाजणार हे आम्हाला ठाऊक आहे. 'हे लोक काम करू शकतील का? दर्जा घसरणार नाही का?' हे प्रश्न आपल्या बापजाद्यांनी ऐकले, आपण ऐकले. शाळेत पाण्याला हात लावू न देणारेच नंतर यांना शिकता येत नाही म्हणत होते. कार्यालयात साधन न देणारे आज यांना काम येत नाही म्हणतात. डोळस माणसाच्या टेबलावर दिवा लावण्याचा खर्च कुणी बोजा म्हणत नाही. अंध माणसाच्या संगणकाचा खर्च तेवढा बोजा!

मागण्या करून आपले काम संपत नाही. आजच्या कायद्यातही जे आहे ते वसूल करता येते. नोकरीत असलेल्या दिव्यांग बांधवांनी आपल्या गरजेचा अर्ज तोंडी नव्हे, लेखी द्यावा, त्यात कलम २० चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे. तो कोण आहे हे विचारावे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते. ते मागावे. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करावी. कर्मचारी संघटनांनी पदोन्नती आणि महागाई भत्त्याबरोबर हा विषयही आपल्या निवेदनात घ्यावा. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात एवढे दोनच प्रश्न विचारावेत. मागील तीन वर्षांत ५ टक्के निधीतून किती रक्कम रोजगारावर खर्च झाली? आणि ४ टक्के जागांपैकी किती रिक्त आहेत? उत्तर आले की ते ग्रामसभेत, नगरपालिकेत वाचून दाखवावे.

पुढच्या ३ डिसेंबरला मंडप पडेल तेव्हा आपल्या गावातले दिव्यांग बांधव हार घालून घ्यायला जातील की हिशेब मागायला जातील, हे या अर्जांवर अवलंबून आहे. अर्ज आजच लिहायला घ्यावेत.